धडक देऊन वाहन पसार झाल्यास दुरुस्तीचा खर्च कोणाकडून? कायद्यातील तरतुदी आणि नुकसानग्रस्ताने घ्यावयाची काळजी

जबलपूर (ओमती) : रात्री उशिरा मोठा आवाज होतो. घरातील माणसे बाहेर येतात तेव्हा कुंपणाची भिंत कोसळलेली असते, लोखंडी फाटक वाकलेले असते आणि धडक देणारे वाहन दिसेनासे झालेले असते. जबलपूरच्या मध्यवर्ती ओमती भागासारख्या, घरे आणि दुकाने रस्त्याला खेटून असलेल्या कोणत्याही वस्तीत असा प्रसंग ओढवू शकतो. कोणाला इजा झाली नाही, याचे समाधान असते. मात्र गवंडी, लोहार आणि साहित्य यांचा हिशेब समोर आला की हा खर्च कोणी द्यायचा, हा प्रश्न उरतो. अनेक कुटुंबे चालक सापडणार नाही असे गृहीत धरून दुसऱ्याच दिवशी ढिगारा उचलतात आणि स्वतःच्या खिशातून खर्च करतात.

नुकसानभरपाईच्या दृष्टीने ही घाई महागात पडते. भरपाईचा दावा चालवण्यासाठी आधी चालकाचा चेहरा माहीत असावा लागत नाही. वाहनाचा नोंदणी क्रमांक माहीत असावा लागतो. क्रमांकावरून मालक आणि मालकावरून विमा कंपनी समजते. क्रमांक शोधून देणारे पुरावे मात्र बहुधा पहिल्या काही तासांतच हाती लागतात. ते हुकले आणि घराचा स्वतंत्र विमाही नसला, तर कायद्यात अन्य आधार जवळजवळ नाही.

'हिट अँड रन' योजना मालमत्तेला लागू नाही

धडक देऊन पळालेल्या अज्ञात वाहनासाठी सरकार भरपाई देते, असा समज सर्वत्र आढळतो. तो अर्धाच खरा आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १६१ नुसार अज्ञात वाहनाच्या धडकेने मृत्यू झाल्यास २ लाख रुपये आणि गंभीर दुखापत झाल्यास ५० हजार रुपये देण्याची तरतूद आहे. या रकमा पूर्वी अनुक्रमे २५ हजार आणि १२ हजार ५०० रुपये होत्या. वाढीव रकमांची नवी योजना १ एप्रिल २०२२ पासून अमलात आली. या योजनेत भिंत, फाटक, दुकानाचे शटर किंवा उभी केलेली गाडी यांचा समावेश नाही. त्यामुळे केवळ मालमत्तेचे नुकसान झालेल्या व्यक्तीने या योजनेखाली अर्ज केल्यास त्यातून काहीही निष्पन्न होत नाही.

अन्य देशांतही कायदेकर्त्यांनी याबाबत हात आखडता घेतलेला दिसतो. युरोपीय संघाच्या २००९ च्या मोटार विमाविषयक निर्देशानुसार अज्ञात वाहनाने केलेल्या मालमत्तेच्या नुकसानीची भरपाई मर्यादित करण्याची किंवा वगळण्याची मुभा सदस्य देशांना आहे. त्याच अपघातात कोणाला मोठी शारीरिक इजा झाल्याने भरपाई दिली गेली असेल, तर मात्र केवळ वाहन अज्ञात आहे या कारणास्तव मालमत्तेची भरपाई वगळता येत नाही. स्वतःच पाडलेली भिंत 'अज्ञात वाहनाने पाडली' म्हणून दाखवण्याची भीती अशा सावधगिरीमागे असते. भारतात मात्र ही सवलतही नाही.

पहिल्या काही तासांत काय करावे

ढिगारा हलवण्यापूर्वी घटनास्थळाची छायाचित्रे आणि चित्रफीत घ्यावी. त्यात संपूर्ण भिंत, रस्त्याची रुंदी, चाकांच्या खुणा आणि वाहन कोणत्या दिशेने आले व गेले ते स्पष्ट दिसावे. वाहनाचे तुटलेले भाग झाडून टाकू नयेत. दिव्याच्या काचा, आरशाचे आवरण, बंपरचा तुकडा आणि भिंतीला लागलेला रंग यांवरून वाहनाचा प्रकार, रंग आणि कित्येकदा नेमके मॉडेलही ओळखता येते. क्रमांकाच्या पाटीचा तुकडा सापडल्यास तो पोलिसांच्या पंचनाम्यात नोंदवून घ्यावा.

त्यानंतर परिसरातील कॅमेऱ्यांचा शोध घ्यावा. दुकाने, बँका, पेट्रोल पंप, गृहसंकुले आणि चौकांतील वाहतूक कॅमेरे यांतून वाहनाचा मार्ग जुळवता येतो. साठवणयंत्राची क्षमता संपली की जुने चित्रण आपोआप पुसले जाऊन त्यावर नवे साठते. त्यामुळे चित्रण जपून ठेवण्याची लेखी विनंती कॅमेऱ्याच्या मालकाला त्याच दिवशी करावी आणि कॅमेऱ्यांची यादी पोलिसांच्या तक्रारीतही द्यावी.

भ्रमणध्वनीवर मिळालेली चित्रफीत तपासाला दिशा देते, परंतु न्यायालयात तेवढी पुरेशी नसते. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत विहित नमुन्यातील प्रमाणपत्र लागते. त्यात साठवणयंत्राचा तपशील आणि प्रतीचे हॅश मूल्य नमूद करावे लागते. जुन्या कायद्यातील कलम ६५-ब खालील अशाच प्रमाणपत्राची अनिवार्यता सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास किशनराव गोरंट्याल या जालना विधानसभा मतदारसंघाच्या निवडणूक वादात अधोरेखित केली होती. पोलिसांनी मूळ यंत्रातून चित्रण रीतसर जप्त केले, तर नुकसानग्रस्ताचे काम बरेच हलके होते.

पोलिसांकडे तक्रार

तातडीच्या मदतीसाठी ११२ क्रमांकावर संपर्क साधता येतो. मात्र दूरध्वनी केला म्हणजे तक्रार नोंदवली गेली असे होत नाही. घटनास्थळ ज्या ठाण्याच्या हद्दीत आहे, तेथे लेखी तक्रार द्यावी आणि तिची पोच घ्यावी. सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे किंवा निष्काळजीपणे वाहन चालवून इतरांच्या जिवाला धोका निर्माण करणे, हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ खाली दखलपात्र गुन्हा आहे. त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. 'कोणाला लागले नाही, आपसांत मिटवा' असा सल्ला मिळाल्यास या कलमाचा उल्लेख करून लेखी नोंदीचा आग्रह धरावा.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार इलेक्ट्रॉनिक माध्यमातूनही माहिती देता येते. मात्र तीन दिवसांत तिच्यावर स्वाक्षरी करावी लागते. नोंदवलेल्या माहितीची प्रत तक्रारदाराला विनाशुल्क मिळाली पाहिजे. ठाण्यात नोंद नाकारल्यास पोलीस अधीक्षकांना लेखी कळवता येते आणि त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे दाद मागता येते. तपासाची प्रगती ९० दिवसांच्या आत तक्रारदाराला कळवणे हेही पोलिसांवर बंधनकारक आहे.

पळून जाणाऱ्या चालकाने आणखी एक कर्तव्य मोडलेले असते. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १३४ नुसार, अपघातात इतरांच्या मालमत्तेचे नुकसान झाल्यास आणि तेथे पोलीस अधिकारी नसल्यास, चालकाने शक्य तितक्या लवकर व कोणत्याही परिस्थितीत २४ तासांच्या आत जवळच्या ठाण्यात माहिती देणे आवश्यक आहे. विमा कंपनीलाही लेखी कळवावे लागते. याचे उल्लंघन केल्यास कलम १८७ नुसार सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. दुसऱ्यांदा दोष सिद्ध झाल्यास या मर्यादा एक वर्ष आणि दहा हजार रुपये अशा वाढतात.

फौजदारी कारवाईतून दुरुस्तीचा खर्च आपोआप मिळत नाही. तरीही गुन्ह्याची नोंद, पंचनामा आणि तपासाची कागदपत्रे हाच भरपाईच्या दाव्याचा पाया असतो.

क्रमांक मिळाल्यानंतर

कलम १६० नुसार, भरपाईचा हक्क सांगणाऱ्या व्यक्तीने विहित शुल्क भरून मागणी केल्यास नोंदणी प्राधिकारी किंवा पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याने अपघातातील वाहनाची ओळख आणि संबंधित तपशील देणे बंधनकारक आहे. चालक कोण होता, हे मालकाला विचारण्याचा अधिकार पोलिसांना कलम १३३ ने दिला आहे आणि मालकाला उत्तर द्यावेच लागते. 'वाहन' या राष्ट्रीय नोंदणी प्रणालीवर विम्याची वैधता तपासता येते. भारतीय विमा माहिती ब्युरोच्या नोंदींमधूनही पॉलिसीचा माग काढता येतो.

गाडी आधीच विकली होती, असा बचाव अनेकदा पुढे येतो. नोंदणी पुस्तकात नवे नाव लागलेले नसल्यास तो टिकत नाही. भरपाईच्या दृष्टीने नोंदणीकृत मालकच जबाबदार राहतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात स्पष्ट केले आहे.

निष्काळजीपणा कसा सिद्ध करावा

अपघात होताना कोणी पाहिलाच नाही, तर चालकाची चूक कशी दाखवायची, ही शंका स्वाभाविक आहे. तिचे उत्तर देणारा महत्त्वाचा निवाडा जबलपूरच्याच उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या एका प्रकरणात मिळतो. डिसेंबर १९६० मध्ये नागपूरहून पांढुर्ण्याकडे निघालेली एका कंपनीची मोटार रस्त्याच्या चुकीच्या बाजूला जाऊन झाडावर आदळली आणि त्यातील एका प्रवाशाचा मृत्यू झाला. छिंदवाड्याच्या न्यायाधिकरणाने भरपाई मंजूर केली; मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने ती फिरवली. मार्च १९७७ मध्ये पुष्पाबाई पुरुषोत्तम उदेशी विरुद्ध रणजित जिनिंग अँड प्रेसिंग कंपनी या निकालात सर्वोच्च न्यायालयाने मृताच्या कुटुंबाच्या बाजूने कौल दिला.

घटनाच स्वतः बोलते, हे तत्त्व न्यायालयाने तेथे लागू केले. नीट चालवलेली मोटार सहसा रस्ता सोडून झाडावर जात नाही. ती गेली असेल, तर का गेली याचा खुलासा चालवणाऱ्या पक्षाने करायचा असतो. खरे कारण बहुधा त्यालाच ठाऊक असते. कंपनीचा व्यवस्थापक कंपनीच्या कामाच्या ओघात गाडी चालवत होता, म्हणून कंपनीही जबाबदार ठरली. ते प्रकरण मृत्यूचे होते. परंतु स्थिर असलेल्या भिंतीवर वाहन आदळल्याच्या घटनेला हाच युक्तिवाद सहज लागू पडतो. भिंत जागची हलत नाही. रस्ता सोडलेला असतो तो वाहनाने. शिवाय अशा दाव्यांत फौजदारी खटल्याइतका काटेकोर पुरावा लागत नाही. शक्यतेचा तोल कोणत्या बाजूला झुकतो, एवढेच पाहिले जाते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये बिमला देवी प्रकरणात म्हटले आहे.

मात्र रस्त्याच्या जागेत बांधलेला ओटा, वाहने उभी करण्यास मनाई असलेल्या जागेतील गाडी किंवा रस्त्यावर मांडलेला माल यांच्याबाबत नुकसानग्रस्ताचाही दोष धरला जाऊ शकतो आणि भरपाई त्या प्रमाणात घटू शकते.

दावा कोठे आणि किती मुदतीत

मोटार अपघात दावा न्यायाधिकरण केवळ मृत्यू आणि दुखापतीसाठी आहे, हा आणखी एक गैरसमज. कलम १६५ नुसार तृतीय पक्षाच्या मालमत्तेचे नुकसानही त्याच्या अधिकारकक्षेत येते आणि कलम १६६ नुसार मालमत्तेचा मालक स्वतः अर्ज करू शकतो. नुकसान दोन हजार रुपयांहून अधिक असल्यास न्यायाधिकरणाऐवजी दिवाणी न्यायालयात जाण्याचा पर्यायही अर्जदाराला आहे.

अपघात जेथे घडला, अर्जदार जेथे राहतो किंवा व्यवसाय करतो, अथवा प्रतिवादी जेथे राहतो, यांपैकी कोणत्याही ठिकाणच्या न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. जबलपुरात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबाच्या नागपूर किंवा अमरावती येथील वडिलोपार्जित घराची भिंत वाहनाने पाडली असेल, तर त्या कुटुंबाला जबलपूरच्या न्यायाधिकरणात दावा करता येईल.

मुदतीकडे विशेष लक्ष द्यावे. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या सुधारणेनुसार न्यायाधिकरणाकडे अपघातापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. या तरतुदीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले आहे. तरीही सहा महिने हीच अंतिम मुदत समजून चालणे हिताचे. दिवाणी दाव्याची मुदत साधारणतः तीन वर्षे आहे.

मंजूर रक्कम निकालानंतर ३० दिवसांत भरावी लागते आणि अर्जाच्या तारखेपासून व्याज देण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला आहे. रक्कम न भरल्यास जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसुली करता येते. वादातील रक्कम एक लाख रुपयांपेक्षा कमी असल्यास उच्च न्यायालयात अपील करता येत नाही. भिंत-फाटकाचे बहुतेक दावे या मर्यादेतच बसत असल्याने न्यायाधिकरणासमोर पहिल्याच वेळी संपूर्ण पुरावा मांडणे आवश्यक ठरते.

रक्कम किती मिळू शकते

प्रचलित मोटार पॉलिसींत तृतीय पक्षाच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी विमा कंपनीची जबाबदारी खासगी मोटार व व्यावसायिक वाहनांसाठी साडेसात लाख रुपयांपर्यंत आणि दुचाकीसाठी एक लाख रुपयांपर्यंत असते. हप्त्यात थोडी बचत व्हावी म्हणून काही वाहनमालक ही मर्यादा सहा हजार रुपयांवर आणून ठेवतात. तशा वेळी उरलेली रक्कम मालक व चालकाकडून वसूल करावी लागते. वाहनाचा विमाच नसल्यास संपूर्ण भार त्यांच्यावर येतो. वाहन पोलिसांच्या ताब्यात असेल, तर पुरेशा तारणाशिवाय ते सोडू नये, अशी विनंती न्यायालयाला करता येते.

मागणीच्या पुष्ट्यर्थ गवंडी किंवा अभियंत्याचे लेखी अंदाजपत्रक, साहित्याची पक्की देयके, मजुरीच्या पावत्या, घटनेपूर्वीची छायाचित्रे, मालमत्ता कराची पावती किंवा मालकीचा दस्तऐवज जोडावा. भाडेकरू दुकानदाराने भाडेकरार आणि नुकसान झालेल्या मालाची खरेदी देयके द्यावीत. भरपाई मालमत्ता पूर्ववत करण्यापुरती असते. जुन्या विटांच्या भिंतीच्या जागी संगमरवरी कठडा उभारल्यास वाढीव खर्च मिळत नाही.

वाहन सापडलेच नाही, तर

अशा वेळी स्वतःचा विमा हाच आधार उरतो. १ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित घरविमा पॉलिसी उपलब्ध करून द्यावी लागते. वाहनासारख्या बाह्य वस्तूच्या धडकेने झालेले नुकसान तिच्यात समाविष्ट आहे. कुंपणाची भिंत आणि फाटकही 'घराच्या इमारती'च्या व्याख्येत येतात. येथे धडक देणारे वाहन ओळखले जाणे आवश्यक नसते. घटना सिद्ध होणे पुरेसे असते. छोट्या व्यावसायिकांसाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही तशीच पॉलिसी आहे. सर्वेक्षकाने पाहणी करण्यापूर्वी दुरुस्ती सुरू करू नये. धोका टाळण्यासाठी तातडीचे काम करावेच लागले, तर आधी छायाचित्रे घेऊन कंपनीला कळवावे.

उभ्या गाडीला अज्ञात वाहनाने ठोकरल्यास 'सर्वसमावेशक' पॉलिसीतून दुरुस्तीखर्च मिळतो. केवळ तृतीय पक्ष विमा असल्यास तो मिळत नाही. मोटारीसाठी इंजिनाच्या क्षमतेनुसार एक किंवा दोन हजार रुपयांची सक्तीची वजावट असते आणि दाव्यामुळे 'नो क्लेम बोनस' जातो. समजा, पुढील वर्षाच्या हप्त्यात बोनसमुळे पाच हजार रुपये वाचणार आहेत आणि दुरुस्ती सहा हजारांची आहे. एक हजाराची वजावट धरता हाती पाच हजार येतील आणि तेवढीच बचत जाईल. लहान नुकसानीत हा हिशेब आधी करावा.

कंपनीने भरपाई दिल्यानंतर वाहन सापडल्यास दिलेल्या रकमेपुरता वसुलीचा हक्क कंपनीकडे जातो. एकाच नुकसानीची भरपाई दोनदा घेता येत नाही. वजावटीसारखी न मिळालेली रक्कम मात्र वाहनमालकाकडून मागता येते. स्वतःच्या विमा कंपनीने दावा फेटाळल्यास किंवा ३० दिवसांत उत्तर न दिल्यास विमा लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. मध्य प्रदेश आणि छत्तीसगडसाठीचे लोकपाल कार्यालय भोपाळ येथे आहे.

तडजोड करताना

चालक किंवा मालक सापडल्यावर अनेक प्रकरणे जागेवरच मिटतात. त्यात गैर काही नाही. परंतु रोख रक्कम घेऊन कोऱ्या कागदावर स्वाक्षरी करू नये. अंदाजपत्रक हाती येण्यापूर्वी 'आता कोणतीही मागणी उरलेली नाही' असे लिहून देऊ नये. तडजोडीच्या लेखात वाहन क्रमांक, नुकसानीचे वर्णन, रक्कम आणि ती देण्याची तारीख नमूद करावी. दावा दाखल झाल्यानंतर लोकअदालतीत झालेली तडजोड अंतिम असते आणि तिला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचा दर्जा असतो. महिला, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, औद्योगिक कामगार आणि विहित उत्पन्नमर्यादेतील नागरिकांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून विनामूल्य वकील मिळू शकतो.

कोसळलेली भिंत आठवडाभरात पुन्हा उभी राहते. पुसले गेलेले चित्रण आणि कचऱ्यात गेलेला काचेचा तुकडा परत मिळत नाही. म्हणून ढिगाऱ्याला हात लावण्यापूर्वी छायाचित्रे, कॅमेऱ्यांची यादी आणि पोलीस ठाण्याची पोच या तीन गोष्टी हाती असाव्यात.